ताटाची डावी बाजू

माझी मुलगी अकरावीत असताना तिनं नोकरी धरली, आणि ती नोकरी आम्ही दीड वर्ष लोकांपासून लपवली. ‘आम्ही’ म्हणजे मी. नवऱ्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि मुलीला तर आपलं काही लपवलं जातंय याचा पत्ताच नव्हता.

आम्ही कॅनडात, मिसिसागात राहतो. मी नागपूरची, नवरा पुण्याचा, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मी टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, हेच काम तू घरी फुकट करतेस. त्याचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर चिडतही नाही. पण ते खोटं आहे असं मात्र मी कधी म्हणाले नाही.

मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत तिच्या चुका काढणं सोपं होतं. एक अजून आठवतं. ती आठेक वर्षांची असेल. गणपतीच्या दिवशी नैवेद्याचं ताट वाढायचं म्हणून हट्टाला पेटली. मी बाजूला उभी राहून सांगत होते: वरती मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात. तिनं चटणी उजवीकडे वाढली. मी ताट पुसून पुन्हा वाढायला लावलं. ती म्हणाली, ‘‘व्हॉट डिफरन्स डझ इट मेक?’’ मी म्हटलं, ‘‘पडतो फरक.’’ काय पडतो ते मला सांगता आलं नसतं. माझ्या आईनं मला सांगितलं नव्हतं. पण त्यानंतर तिचं ताट कधी चुकलं नाही.

तर नोकरी. घरापासून बसनं दहा मिनिटांवर वृद्धांचं एक निवासस्थान आहे. तिथल्या जेवणघरात शाळेतल्या मुलांना ठेवतात. शनिवार-रविवारची दुपार आणि बुधवारची संध्याकाळ. ती एक दिवस शाळेतून आली, फ्रिज उघडला आणि आतल्या दह्याला सांगावं तशी म्हणाली, ‘‘आय गॉट द जॉब.’’

‘‘कसला?’’

तिनं सांगितलं. टेबलं लावायची, जेवण नेऊन द्यायचं, जेवणं झाली की ताटं उचलायची. उचलण्याआधी कोण किती जेवलं ते एका कागदावर लिहायचं: पाव, अर्धं, पाऊण, सगळं. मग उरलेलं खरवडून टाकायचं आणि ताटं भांडी धुण्याच्या मशीनच्या रॅकमध्ये लावायची.

मी म्हटलं, ‘‘म्हणजे उष्टी काढणार तू?’’

‘‘व्हॉट्स उष्टी?’’

‘‘उष्टं. दुसऱ्यानं खाऊन ठेवलेलं.’’

‘‘ओह, लेफ्टओव्हर्स.’’

‘‘लेफ्टओव्हर्स नाही. भांड्यात उरतं ते उरलेलं. ताटात उरतं ते उष्टं.’’

तिनं जरा विचार केला. ‘‘दे कॉल इट प्लेट वेस्ट.’’

‘‘ते नाही गं. वेस्ट म्हणजे टाकून द्यायचं. उष्टं म्हणजे...’’ मी अडले. ज्याला तोंड लागलंय ते, आणि ज्याला तोंड लागलंय त्याला हात लावायचा नाही, आणि हात लावावाच लागला तर तो कोणी लावायचा हेही ठरलेलं असतं. एवढं सगळं त्या दोन अक्षरांत आहे हे मला तेव्हाच कळलं. मी तिला म्हटलं, ‘‘आपल्या घराण्यात कोणी दुसऱ्याची उष्टी काढलेली नाहीत.’’

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मीच चपापले. माझ्या एका आत्याच्या आवाजात ते आलं होतं.

नवरा लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, ‘‘तुझी आई मग काय करायची? सासऱ्याचं ताट कोण उचलायचं?’’

‘‘ते घरचं होतं.’’

‘‘अच्छा,’’ तो म्हणाला. हा त्याचा पुणेरी ‘अच्छा’ मला लग्नापासून खटकतो.

मुलगी दह्याचा वाडगा घेऊन खोलीत गेली. पुढच्या शनिवारी काळी पँट, काळे बूट आणि केसांवर जाळी घालून कामाला गेली. मी तिला बसस्टॉपवर सोडायला गेले नाही. नवरा गेला.

दिवाळीला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ओळखीच्या एका बाईंनी मला विचारलं, ‘‘वहिनी, लेक दिसत नाही?’’ त्यांचा मुलगा त्याच वर्षी एका नावाजलेल्या विद्यापीठात लागला होता, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक प्रश्नात थोडी तपासणी असे. शनिवार होता. लेक कामावर होती. मी म्हटलं, ‘‘ती सीनिअर्सच्या तिथे व्हॉलंटियरिंग करते ना शनिवारी.’’

‘‘अय्या, किती छान!’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्या ह्याला सांगून सांगून थकले मी.’’

इतकं सोपं होतं ते. तेच जेवणघर, तीच ताटं, ताटांत उरलेले तेच वाटाणे. पैसे घेऊन उचलली तर उष्टी, फुकट उचलली तर सेवा. हे डावं-उजवं मी एका वाक्यात करून टाकलं आणि हातात चकलीची प्लेट घेऊन दुसरीकडे बोलायला गेले. लाज वाटली का? नाही. सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर जो विचारेल त्याला मी तेच सांगितलं. भारतात फोनवरही सांगितलं. माझी आई म्हणाली, ‘‘म्हाताऱ्यांचा आशीर्वाद लागतो.’’ मी हो म्हटलं.

बारावीत तिचे मार्क घसरले. चौऱ्याण्णवच्या आसपास असायचे ते एकोणनव्वदवर आले. तिला ज्या विद्यापीठात जायचं होतं तिथल्या आरोग्यशास्त्राच्या कोर्सला नव्वदच्या वरच बोलणं सुरू व्हायचं, आणि तिला तोच कोर्स हवा होता. नववीपासून तिच्या टेबलावर त्याचं पत्रक चिकटवलेलं होतं. केमिस्ट्रीची एक चाचणी बुधवारच्या शिफ्टनंतरच्या गुरुवारी होती, त्यात तिला बहात्तर मिळाले. मी म्हटलं, ‘‘सोड ती नोकरी.’’ ती म्हणाली, ‘‘वेन्सडेज आर शॉर्ट-स्टाफ्ड, आई. आय कान्ट.’’ मी म्हटलं, त्यांचं ते बघतील. ती म्हणाली, ‘‘दे वोन्ट.’’ बस्स, एवढंच. माझ्यासारखा वाद ती घालत नाही. तिचा हट्ट शांत असतो, आणि तो मोडता येत नाही.

नवऱ्याचं म्हणणं असं की मार्क पाच कमी आणि नोकरी दीड वर्षाची, यात विद्यापीठवाले नोकरीला वजन देतील. मी मंडळातल्या त्याच बाईंना विचारलं, नाव न घेता, एका मैत्रिणीच्या मुलीसाठी म्हणून. त्या म्हणाल्या, ‘‘छे, जॉबला काय व्हॅल्यू? जॉब सगळेच करतात. कम्युनिटी सर्व्हिस दिसली पाहिजे.’’ मी इंटरनेटवर शोधलं. तिथे दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे सांगणारे भरपूर होते. मला जे पटायचं होतं ते पटलं.

फॉर्म फेब्रुवारीत होता. मार्कांशिवायचा, वेगळा. त्यात एक जागा होती जिथे शाळेबाहेर काय केलं ते लिहायचं, प्रत्येक गोष्टीपुढे पेड की अनपेड ते निवडायचं, आणि ज्याला विचारून खात्री करता येईल अशा एका माणसाचं नाव आणि ईमेल द्यायचा. शेवटी दोनशे शब्दांत एक अनुभव लिहायचा, ज्यातून तुम्ही काही शिकलात. एकोणनव्वदवाल्यांचं सगळं त्या दोनशे शब्दांवर होतं.

रविवारी दुपारी ती कामावर निघताना मला म्हणाली, ‘‘तू जस्ट टायपो चेक कर, ओके? डोन्ट फिक्स एनिथिंग एल्स.’’ निबंध तिनं एका ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये लिहिला होता, त्याची लिंक दिली. फॉर्मचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेलाच होता. मुदत त्याच दिवशी संपत होती.

मी चहा घेऊन बसले. पहिलं वाक्य होतं: माझ्या भाषेत एक शब्द आहे ज्याला इंग्रजीत शब्द नाही, तो शब्द म्हणजे उष्टं. दुसरं वाक्य: उष्टं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं उरलेलं अन्न, आणि मी ते आठवड्यातून तीन दिवस उचलते.

यापुढे मी वाचलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक अनोळखी प्रोफेसर आला, हातात आमच्या मुलीचा फॉर्म आणि चेहऱ्यावर दया. बाहेर बर्फ पडत होता, नवरा ड्राइव्हवे शोव्हल करत होता, फावड्याचा आवाज येत होता. मी सगळा मजकूर सिलेक्ट केला आणि डिलीट केला. मग तासभर बसून नवा लिहिला. त्यात करुणा होती, नेतृत्व होतं, वेळेचं नियोजन होतं. बरोबर दोनशे शब्द झाले. मग फॉर्म उघडून तो पेस्ट केला, आणि वर जाऊन ‘पेड’चं ‘अनपेड’ केलं.

ते मला खोटं वाटलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. दीड वर्ष मी तेच बोलत होते. शंभरदा बोललेली गोष्ट जिभेवर रुळते आणि मग खरी कोणती ते आठवायला थांबावं लागतं. मी थांबले नाही.

ती पाच वाजता आली. ‘‘एनी टायपोज?’’

‘‘होते दोन-तीन. केले नीट. फॉर्ममध्ये टाकून ठेवलंय, तू फक्त सबमिट कर.’’

तिनं अंगात कोट असतानाच, उभ्या उभ्या, बटण दाबलं. ‘‘थँक्स, आई,’’ म्हणाली आणि आंघोळीला गेली. तिनं एकदा वाचूनही पाहिलं नाही. मला वाटलं, दमलीय. माझ्यावर विश्वास होता म्हणून वाचलं नाही, ही साधी गोष्ट मला त्या वेळी सुचली नाही.

तीन आठवडे गेले. एका बुधवारी बर्फ जास्त होता म्हणून मी तिला आणायला गेले. निवासस्थानाच्या दारात बूट झटकत उभी होते. जेवणघराची सुपरवायझर तिच्यासोबत बाहेर आली. जमेकाहून आलेली, साठीच्या आसपासची बाई, आवाज खणखणीत. तिनं माझा हात हातात घेतला. मी यापूर्वी कधी आत आले नव्हते, हे तिच्या लक्षात आलं असणार, पण बोलली नाही.

‘‘युअर गर्ल्स युनिव्हर्सिटी रोट टू मी,’’ ती म्हणाली. ‘‘दे आस्क्ड, इज शी अ व्हॉलंटियर हिअर. आय सेड नो सर, वुई पे हर, अँड शी अर्न्स एव्हरी पेनी. दॅट्स राइट, इझन्ट इट?’’

मी म्हटलं, ‘‘येस.’’

‘‘अँड शी टोल्ड देम अबाउट द प्लेट, आय होप?’’

कुठलं ताट, कसलं ताट, मला काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ‘‘येस, येस.’’

मुलगी माझ्याकडे बघत होती. केसांची जाळी तिच्या मुठीत होती.

गाडीत बसल्यावर तिनं फोनवर फॉर्म उघडला. वायपर चालू होते. दोन सिग्नल ती वाचत राहिली. मग तिनं माझ्या निबंधातलं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं: ‘‘आय हॅव ऑलवेज बीन पॅशनेट अबाउट सर्व्हिंग द एल्डर्ली.’’ आणि विचारलं, ‘‘आई, हू टॉक्स लाइक धिस?’’

मी म्हटलं, ‘‘तुझ्या भल्यासाठी केलं.’’

‘‘माझं कुठे आहे? व्हेअर इज माइन?’’

‘‘काढलं.’’

‘‘ऑल ऑफ इट?’’

‘‘हो.’’

‘‘डिड यू रीड इट?’’

मी म्हटलं, ‘‘हो.’’ त्या दिवशीचं हे दुसरं खोटं. पहिलं त्या बाईला सांगितलेलं.

ती रडेल असं वाटलं होतं. रडली असती तर मला जवळ घेता आलं असतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘‘दे विल थिंक आय लाइड. फॉर्मच्या खाली लिहिलंय, इफ एनिथिंग इज फॉल्स दे कॅन कॅन्सल द होल थिंग. मी सही केलीय त्यावर. मी.’’ मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, मराठीत: ‘‘तुला माझी इतकी लाज वाटते?’’

माझ्याकडे उत्तर होतं. तुझी नाही, कामाची. पण ते बोलून दाखवण्यासारखं नाही हे मला तिथल्या तिथे दिसलं. मी सॉरी म्हटलं. या देशात कोणी धक्का मारला तरी सॉरी म्हणतात, आणि धक्का बसलेलाही सॉरीच म्हणतो. त्या शब्दानं काही झालं नाही.

घरी आल्यावर मी विद्यापीठाला ईमेल लिहिला. मी मुलीची आई आहे, बदल मी केला, तिला माहीत नव्हतं, तिला शिक्षा करू नये. असं पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. लिहिताना व्याकरणाच्या चुका होत होत्या, त्याही मी सुधारल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं नम्र उत्तर आलं. विद्यार्थी सज्ञान नसला तरी अर्ज विद्यार्थ्याचा असतो, पालकांशी आम्ही त्याबद्दल पत्रव्यवहार करत नाही, आपल्या कळवण्याबद्दल आभार. सबंध कबुलीजबाब दारातूनच परत आला. चूक माझी होती, पण ती सांगण्याचा अधिकार मला नव्हता.

मग तिनं स्वतः लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं. ‘‘इट्स बिट्वीन मी अँड देम,’’ ती म्हणाली. तिला उत्तर आलं तेवढं तिनं बापाला दाखवलं आणि बापानं मला सांगितलं: ‘अनपेड’चं ‘पेड’ करून घेतलंय, नोंद घेतलीय. निबंध मात्र मुदत संपल्यामुळे बदलता येणार नाही. मी म्हटलं, ‘‘माझं नाव घेतलं का तिनं?’’ नवरा म्हणाला, ‘‘नाही. आपल्याकडून चूक झाली असं लिहिलंय. आय मेड अ मिस्टेक.’’ या वेळी तो ‘अच्छा’ म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

मार्च-एप्रिल ती माझ्याशी व्यवस्थित बोलली. डबा घेतला, थँक्स म्हणाली, बाहेर जाताना सांगून गेली. तिनं आदळआपट केली असती तर मी समजू शकले असते, कारण ती भाषा मला येते. बुधवारी बसनं जायची, बसनं यायची. मी आणायला येऊ का विचारलं की म्हणायची, ‘‘आय एम गुड.’’

मे महिन्यात त्या विद्यापीठाचा नकार आला. कारण कळवत नाहीत. एकोणनव्वदमुळे असेल. माझ्या करुणा-नेतृत्ववाल्या निबंधामुळे असेल. त्या ‘अनपेड’मुळे फाइलवर कुठे लाल खूण पडली असेल. किंवा यातलं काहीच नसेल, जागाच भरल्या असतील. माझ्या धंद्यात बिघाडाचं कारण सापडलं नाही तर तो बंद करता येत नाही, यादीत उघडाच राहतो. हा उघडा आहे. मी कधीमधी त्याच्याशी जाऊन बसते आणि प्रत्येक वेळी त्या रविवारपाशी येऊन थांबते. तिनं चार दिवसांनी टेबलावरचं पत्रक काढलं, चिकटपट्टीचे चार तुकडे तसेच राहिले.

ग्वेल्फच्या विद्यापीठात मिळालं. तिथे आहारशास्त्राचा कोर्स होता आणि त्यांनी फक्त मार्क बघितले. ती म्हणाली, ‘‘इट्स फाइन. आय मे इव्हन लाइक इट.’’ जूनमध्ये मंडळाच्या सहलीत त्या बाई म्हणाल्या, ‘‘व्हॉलंटियरिंगचा उपयोग झाला ना?’’ मी म्हटलं, ‘‘ते व्हॉलंटियरिंग नव्हतं. नोकरी होती. म्हाताऱ्यांची ताटं उचलायची, पगार मिळायचा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘असं होय,’’ आणि कणसं भाजली का ते बघायला गेल्या. दीड वर्षाचं लपवणं अर्ध्या मिनिटात संपलं आणि कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. ज्या लोकांना घाबरले होते ते लोक मुळात नव्हतेच.

सप्टेंबरमध्ये आम्ही तिला ग्वेल्फला सोडून आलो. तासाभराचा रस्ता. घर इतकं आवरलेलं राहू लागलं की मला काढायला चुका उरल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये, ती इथल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी यायची होती त्याच्या आदल्या दिवशी, मी ते डॉक्युमेंट उघडलं. अशा डॉक्युमेंटमध्ये जुन्या आवृत्त्या साठून राहतात, डिलीट केलेलंही जात नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते माझं कामच आहे. आठ महिने मी ते उघडलं नव्हतं, आणि त्याचं कारणही मला माहीत होतं. तिनं गाडीत विचारलं होतं, वाचलंस का, आणि मी हो म्हटलं होतं. तारखेवर क्लिक केलं. तिचा निबंध जसाच्या तसा वर आला. इंग्रजीतलं ते माझ्या मराठीत असं होतं:

‘माझ्या भाषेत एक शब्द आहे ज्याला इंग्रजीत शब्द नाही: उष्टं. उष्टं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं उरलेलं अन्न, आणि मी ते आठवड्यातून तीन दिवस उचलते. उचलण्याआधी कोण किती जेवलं ते मला लिहावं लागतं. खिडकीजवळच्या टेबलावर एक आजी आहेत. त्यांच्यापुढे रोज “अर्धं” लिहिलेलं असायचं. सगळे म्हणायचे, त्यांची भूक गेली. पण आमच्या घरी ताटाला डावी बाजू आणि उजवी बाजू असते. चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. मी आठ वर्षांची असताना चटणी चुकीच्या बाजूला वाढली तेव्हा आईनं मला सबंध ताट पुन्हा वाढायला लावलं होतं. तेव्हापासून कुठलंही ताट पाहिलं की मी आधी बाजू बघते. त्या आजींच्या ताटात रोज डावीच बाजू उरत होती. एका बुधवारी मी त्यांचं ताट फिरवून ठेवलं. त्यांनी उरलेलं सगळं खाल्लं आणि मला विचारलं, हे आत्ता कुठून आलं? त्यांना डावीकडचं दिसतच नव्हतं. मी सुपरवायझरना सांगितलं, त्यांनी नर्सना, मग डॉक्टर आले. माझी आई म्हणते, आमच्या घराण्यात कोणी दुसऱ्याचं उष्टं काढत नाही. पण ताट वाचायला मला तिनंच शिकवलं.’

मी ते दोनदा वाचलं. टायपो एकच होता.

दुसऱ्या दिवशी ती आली. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. मी वांग्याची भाजी केली होती, आमटी, भात, दाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. तिला भूक लागली होती, ती भराभर जेवत होती आणि तिथल्या प्रयोगशाळेतलं काहीतरी बापाला सांगत होती. मी कसाबसा भाजी, आमटी आणि भात संपवला. नवरा दही आणायला उठला तेव्हा मी म्हटलं, ‘‘वाचला मी तो निबंध.’’

‘‘कुठला?’’

‘‘उष्ट्याचा. तेव्हा नव्हता वाचला. वाचला म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. काल वाचला.’’

तिनं हातातला घास ताटात ठेवला.

‘‘चुकलं माझं,’’ मी म्हटलं. हे मराठीत म्हणायला मला आठ महिने लागले होते. ‘‘फार चुकलं.’’

तिनं माझ्याकडे बघितलं, मग तिची नजर खाली माझ्या ताटाकडे गेली. उजवी बाजू रिकामी होती. डावीकडे चटणी आणि कोशिंबीर वाढल्या होत्या तशाच होत्या. तिनं हात पुढे केला आणि माझं ताट हळूच फिरवलं.

‘‘आता बघ,’’ ती म्हणाली.